देवाखालचं मानाचं वस्त्र

"मी थापा मारत न्हाई! माझे मामंजी जालन्याच्या साहेब लोकांच्या लॉजचे, त्या गुपित मंडळाचे, मेंबर होते. बिलकुल मेंबर!" तुळजाबाईंनी भरल्या बैठकीत ठणकावलं, आणि नातीच्या ठरत आलेल्या सोयरिकीत मिठाचा खडा पडला.

कारण समोर बसली होती मुलाची आजी, जालन्याची गोजरबाई. तिचं नाक आधीच देवळाच्या कळसाएवढं उंच!

"लॉजचे मेंबर तर आमचे मामंजी! तुमच्या घनसावंगीला लॉजची हवा तरी आल्ती का?"

"हवा न्हाई आल्ती, कडबा गेल्ता! छावणीचे घोडे आमच्याच शेतावर पोसले. म्हणून तर लॉजवाल्यांनी मामंजीला मेंबर करून मानाचं वस्त्र बांधलं. रेशमानं डोळा काढलाय त्याच्यावर. मामंजी गेल्यापासून खोळीत शिवून देवाखाली ठेवलंय. रोज पूजा होते!"

"मंग पटवून द्या. थापाड्या घरातली सून मला नको."

दाराआड शिवकन्येचा चेहरा पडला. पोरगा नातीच्या मनात भरलाय, हे तुळजाबाईंना चष्म्याशिवाय दिसत होतं.

"उद्याच चला!" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खोळ छातीशी धरून तुळजाबाई एस्टीनं जालन्यात उतरल्या. पडलेलं तोंड बघायला गोजरबाई सोबत होतीच. लॉजचे जुने मेंबर एकच उरले होते, म्हातारे बद्रीनाथ वकील. दोघी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसल्या.

"सासऱ्यांचं नाव काय?" वकिलांनी विचारलं.

"अगं बाई! सासऱ्याचं नाव जन्मात तोंडातून काढलं न्हाई. आता गोवऱ्या मसणात गेल्यावर काढू?"

"नका काढू. कोण मेंबर होतं ते मलाही सांगता येत नाही. लॉजची शपथ आहे."

"तुम्ही बोलणार न्हाई, मी बोलणार न्हाई! मुक्याच्या वरातीला आलो का आपण?"

वकील हसले. "खोळ उसवा. एक बोट लावून सांगतो. कापड निघालं तर नाटकातलं सोंग. अस्सल लॉजचं असेल तर कोकराचं कातडं."

तुळजाबाईंनी खोळ पुन्हा छातीशी आवळली. सात पिढ्यांचं माळकरी घर! चप्पलसुद्धा अंगणाबाहेर! आणि इतकी वर्षं बाळकृष्ण कातड्यावर बसून लोणी खात होता! अस्सल निघालं तर देव बाटले, नकली निघालं तर नातीचं लग्न मोडलं.

आता गोजरबाई खदखदून हसणार, म्हणून त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तर ती पदरानं घाम टिपत होती.

"वकीलसाहेब," गोजरबाईचा आवाज एकदम बारीक झाला, "सगळ्यांचंच कातड्याचं असतं का हो?"

"सगळ्यांचंच."

तुळजाबाई हळूच तिच्या कानाशी वाकल्या. "तुमचं कुठं ठेवलंय?"

"अन्नपूर्णेखाली."

झालं! तुळजाबाईंची जीभ जागेवर आली. खोळ त्यांनी पदराखाली सरकवली.

"ऱ्हाऊ द्या वकीलसाहेब. आमचे मामंजी मेंबर-बिंबर काही नव्हते."

"आमचेबी नव्हते!" गोजरबाईनं री ओढली. "लॉज कोणत्या दिशेला हाये, तेबी त्यांना माहीत नव्हतं!"

वकिलांनी दोघींसाठी चहा सांगितला.

सोयरीक तिथंच, त्यांच्या ओसरीवर पक्की झाली. त्याच आठवड्यात दोन्ही घरचे देव गोदावरीवर आंघोळीला निघाले. लोक विचारू लागले, ना सण ना वार, देवांना मधेच कशाची आंघोळ?

"सोयरीक जमली ना!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

देवांना कुणी विचारलं नाही, तेवढं बरं झालं.