बाबदेवभटांच्या रागाची व समजूतखान्याची हकीकत

निद्रा देणारी आणि निद्रेंतून जागें करणारी देवता एकच, तीस आधीं नमन. शके सोळाशें चाळीस, विलंबी नाम संवत्सर, वैशाख मासीं एका राज्यांत, ज्याचें नांव सांगणाराच विसरला, भर लग्नांत मोठा कल्लोळ जाहला. त्याची हकीकत ऐसी जे, त्या राज्यांत बाबदेवभट जोशी म्हणून घटका सांगणारे होते. पाण्याचे घंगाळांत तळास भोंक असलेली तांब्याची वाटी सोडावी, आणि ती भरून बुडाली कीं घटका भरल्याची हाळी द्यावी, आणि त्या हाळीवर राज्यांतलीं लग्नें लागावीं, ऐसी तीन पिढ्यांची वहिवाट. भटजी विद्येनें चोख, परंतु स्वभाव म्हणजे तापला तवा. ते दिवशीं हणगोजीराव सरदारांचे कन्येचें लग्न होतें. वाटी बुडाली, आणि भटजींनीं हाळी द्यावयास तोंड उघडलें, तों सरदार पुढें होऊन हळूच बोलिले, "भटजी, पळभर थांबा." झालें! "वेळ कोणाचे बापाची चाकर नव्हे!" म्हणून भटजी गर्जले, आणि घंगाळ उचलून सगळें पाणी सरदारांचे पागोट्यावर ओतलें. मग वाजंत्री थांबली, आणि अक्षता भिजल्या, आणि फिर्याद राणीसाहेबांपर्यंत गेली.

राणीसाहेबांनीं हुकूम फर्माविला कीं, भटजींनीं समजूतखान्यांत जावें, आणि राग निवाल्याचा दाखला आणावा, आणि तोंवर वाटीस हात लावूं नये व कोणाचेही लग्नमंडपांत पाऊल ठेवूं नये. भटजी घरीं येऊन मटकन खालीं बसले. कां कीं त्यांची एकुलती लेक म्हाळसा, तिचें लग्न मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस ठरलेलें. दाखला न मिळे तर बापानें आपल्याच लेकीचे मंडपाबाहेर उभें राहावें, काय ही वेळ!

समजूतखाना गांवाबाहेर तळ्याचे कांठीं होता. पांढरे पडदे, वाळ्याचे पंखे, आणि आंत गेलेला मनुष्य वार विसरे ऐसी तेथली हवा. तेथील मुख्य केसोपंत, आवाज लोण्यासारखा. त्यांनीं बैठकीमागें एक रुपया दक्षिणा घ्यावी, आणि राग निवाला कीं नाहीं हेंही आपणच लिहावें, ऐसी त्यांस सनद. त्यांत हे पंत हणगोजीरावांचे सख्खे मेहुणे! कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद मागावी कोणाकडे? केसोपंत म्हणत, "डोळे मिटा. काय दिसतें?" भटजी म्हणत, "पाण्यावर वाटी दिसते." "वाटी दिसते तोंवर राग आहे. पुढले गुरुवारीं या." ऐसे गुरुवारामागून गुरुवार गेले, आणि तळ्यांत कमळें आलीं आणि सुकलीं. एकदां भटजी धीर करून बोलिले, "पंत, दक्षिणा अंमळ जास्त होते. आणि फिर्यादीचे मेहुण्यानेंच निवाडा करावा, हें बरें दिसतें का?" केसोपंत गोड हंसले, आणि दौतींत बोरू बुडवून त्यांनीं लिहिलें, "दक्षिणेवर हरकत घेतली, सबब राग शिल्लक." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरें काय! मग त्या पडद्यांत भटजींस खरीच झोंप लागूं लागली, आणि स्वप्नांत तळें दिसे, आणि तळ्यावर तांब्याची वाटी होडीएवढी, आणि तींत म्हाळसा मुंडावळ्या बांधून बसलेली, आणि तळचे भोंकांतून पाणी हळूंहळूं वर चढतें, आणि हाळी द्यावी तों कंठांतून शब्द निघत नाहीं. भटजी जागे होत ते डोळे पुसत. त्या झोंपेचाही रुपया पडे.

मार्गशीर्ष लागला. म्हाळसा म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलूं नका. तुमचा श्वाससुद्धां राग म्हणून लिहितील. मीच बोलतें." आणि बापास घेऊन दरबारीं गेली. राणीसाहेबांनीं पुसिलें, "भटजी, राग निवाला?" भटजी भयानें इतक्या हळू बोलिले कीं चोपदारास कान लावावा लागला. केसोपंत म्हणाले, "सरकार, हा कुजबुजता राग. फार वाईट. आणखी वर्षभर बैठका लागतील." तेव्हां म्हाळसेनें पदराआडून दोन वाट्या काढिल्या, आणि घंगाळ मागवून दोन्ही पाण्यावर सोडिल्या. दरबार पाहत बसला. पाणी डोले, वाट्या डोलत, आणि मानकऱ्यांच्या मानाही डोलूं लागल्या. मग एक वाटी भरली आणि बुडाली. दुसरी तरंगतच राहिली. म्हाळसा बोलिली, "सरकार, हिला भोंकच नाहीं. समजूतखान्याची वाटी ही ऐसी. तरंगते तोंवर पंतांस रुपया, मग ती बुडावी तरी कशास?" राणीसाहेबांनीं केसोपंतांस पुसिलें, "आजवर किती आले?" "चाळीस, सरकार." "निवाले किती?" पंत वाटीकडे पाहत राहिले. तेव्हां हणगोजीरावच उठून बोलिले, "हे माझे मेहुणे, सरकार. मलाच लाज वाटते." मग हुकूम जाहला कीं, दक्षिणा घेईल त्यानें दाखला देऊं नये, आणि फिर्यादीचे सोयऱ्यानें समजूतखान्याचा उंबरा चढूं नये, आणि चाळिसांचे रुपये परत करावे. भटजींचा दाखला राणीसाहेबांनीं स्वहस्तें लिहिला.

पंचमीस मंडप भरला, आणि आमंत्रणास मान देऊन हणगोजीरावही आले. अंतरपाट धरला, आणि भटजी घंगाळापाशीं बसले, आणि वाटी भरत आली, आणि बुडाली. परंतु हाळी येईना. अंतरपाटाआड म्हाळसा उभी, कपाळास मुंडावळ्या, स्वप्नांत दिसे तशीच, आणि एक शब्द उच्चारिला कीं लेक दुसऱ्याचे घरची. "अहो, घटका टळते!" म्हणून कोणी कुजबुजलें. तेव्हां हणगोजीराव सावकाश येऊन शेजारीं बसले, आणि बोलिले, "असूं द्या, भटजी. त्या दिवशीं मीही एवढेंच मागत होतों." भटजींनीं त्यांचे पागोट्याकडे पाहिलें, आणि त्यांचे दोन्ही हात धरून ढसढसां रडले. मग डोळे पुसून हाळी दिली, ती पळभर उशिरां.

येणेंप्रमाणें राग निवाल्याचा वृत्तांत. तें राज्य पुढें राहिलें कीं गेलें, ठाऊक नाहीं. म्हाळसेचें लग्न पळभर चुकून लागलें आणि तिचा संसार उत्तम जाहला. आठवलें तितकें लिहिलें, बाकी पाण्यास ठाऊक.