परबाची बिनफोटोची साइट

शेजारच्या परबाला फोटोची भारी चीड. मोबाईलवर त्याची स्वतःची साइट आहे, पण तिच्यावर एक फोटो नाही, रंग नाही, गाणं नाही. पांढरं पान, काळी अक्षरं, खलास. कोणी विचारलं तर मान वर न करता म्हणतो, "हलकां होया!" म्हणजे पान हलकं हवं.

जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले त्याने. छापखाना बंद पडला, तर हा साठीत कुठल्याशा क्लासला जाऊन हे शिकून आला. रोज सकाळी चार ओळी लिहितो. 'नळ सहाला आला. बोंबील महाग. गुडघा कालच्यासारखाच.' आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगीत तर कोणी वाचत नाही. मी चौथी शिकलेली. नवरा गेल्यावर पापड लाटून दोन पोरी उजवल्या. मी कशाला कोणाच्या गुडघ्याचं वाचू?

गणपतीत सेक्रेटरी आला. "परबकाका, वर एक लुकलुकणारा बाप्पा टाकू ना, झकास दिसेल!"

"बाप्पा मंडपात लुकलुकूदे. माझ्याकडे जड होतं."

मग मला हाव सुटली. "अरे परबा, माझ्या पापडांचा फोटो टाक ना, चार गिऱ्हाइकं येतील."

फोटो नाहीच. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'शेजारच्या सुमनवयनींचे पापड चांगले. मीठ कमी घातलं तर आणखी चांगले.'

वाट लागली माझी! चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी मीठ कमी घातलं, ते सोडा.

त्याचा पोरगा संदेश बोटीवर कामाला आहे. बापाला न विचारता गेला. बाप म्हणाला, "परत तोंड दाखवू नको." पोराने नेमकं तेवढंच ऐकलं. दोन वर्षं फोन नाही. परब त्याचं नाव काढत नाही. एकदाच म्हणाला, "वयनी, बोटीवर नेट अगदी बारीक असतं म्हणे. फोटोबिटो उघडत नाय." आणि लगेच गुडघ्याचं काढलं. मी समजायचं ते समजले. पोरगा वाचतो की नाही, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यात परब तापाने आडवा झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला.

"काकू, मी संदेश. बाबांनी तीन दिवस काय लिहिलं नाही. बरे आहेत ना?"

"तूच विचार की रे! मुका झालास?"

तो हळूच म्हणाला, "इथं बाकी काय उघडत नाही काकू. बाबांचं पान तेवढं उघडतं. त्यांना लिहायला सांगा ना."

तांदळाची पेज घेऊन परबाकडे गेले. म्हटलं, "संदेश वाचतो रे तुझं. रोज."

परब उठून बसला. पेज बाजूला, मोबाईल हातात. आणि एवढा रोज लिहिणारा माणूस, त्याला एक ओळ सुचेना.

"काय लिहू गो वयनी?"

"जे आहे ते लिही."

बराच वेळ एका बोटाने टकटक चालली. मग मला दाखवलं. 'ताप उतरला. काळजी नको.'

मी त्याच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं.

"पेज खा," म्हटलं. "निवतेय."