गंगाधरमामांचं देणं

माझं अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. पण आमच्या गंगाधरमामांनी गल्लीतल्या प्रत्येक घरातून पैसे उसने घेतले होते आणि पेटीत पेन्शन असूनही ते कुणाचे फेडत नव्हते, हे कुणीतरी लिहायला हवं.

मामा तेलगावात आमच्या शेजारी एकटेच राहायचे. एसटीत कंडक्टर होते. बायको वारलेली, मुलगा सुरेश पुण्याला कारखान्यात. नवा मास्तर गल्लीत राहायला आला, तर त्याची वळकटी सुटायच्या आत मामा दारात उभे. "दोन रुपये द्या हो, उसने." माझ्याकडून दुधाचे पाच नेले होते. मागायला गेलं की चेहरा फुलायचा. "आठवण हाय ना? झालं तर मग," म्हणायचे आणि चालू लागायचे.

समोरची रहिमतबी केळी विकायची. तिचे तीन होते. ती रोज सकाळी ओट्यावरून ओरडायची, "ओ बुड्ढे, मेरे तीन रुपये!" मामा आशीर्वाद मिळाल्यासारखे हात जोडायचे. एका ईदेला तिनं शिरखुर्मा दिला आणि वर म्हणाली, "जाओ, माफ किये." मामांनी वाटी तशीच झाकून ठेवली. संध्याकाळी तिच्याकडून नवे चार रुपये उसने घेतले, तेव्हा कुठं वाटी धुऊन परत केली.

मी कुणाशी फार बोलत नाही. एकदा धीर करून विचारलं, "मामा, पैसे असून असं काहून करता?"

"गाडीत सुट्टे नसले की तिकिटामागं बाकी लिहून द्यायचो मी," मामा म्हणाले. "ज्याला पुरे पैसे दिले तो घोरायचा. ज्याचे आठ आणे राहिले, तो अंबाजोगाई येईस्तोवर माझ्यावरची नजर काढायचा न्हाई. वर्षानं बाजारात दिसला तरी वळखायचा. घेणारा विसरतो गं. ज्याचं येणं हाय, त्याचं डोकं जागं राहतंय."

मला हसू आलं. पण पुढं मामा तापानं पडले आणि त्यांचं दार उघडेना, तेव्हा सगळ्यात आधी रहिमतबीच धावली. "मरना है तो मेरे चार देके मर," म्हणत तिनं कडी वाजवून वाजवून दार उघडायला लावलं, आणि शिव्या देत देतच खिचडी भरवली. मागून मास्तर आला, मागून मी. वसुलीवाली सगळी गल्ली उशाशी बसली.

"सुरेशला कळवलं का?" मी विचारलं.

मामा भिंतीकडं वळले. "त्याला कुठली माझी आठवण? नुसतं देतच आलो त्याला. त्याचं काईच ठेवलं न्हाई माझ्याकडं. चुकलं ते."

"मग घ्या की त्याच्याकडून उसने."

बरे झाल्यावर मामांनी एसटीडी बूथवरून फोन लावून मुलाकडं शंभर रुपये मागितले. मनिऑर्डर आली. खाली सुरेशनं लिहिलं होतं, परत करू नका.

मामा तो कागद घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसले. "यानं तर माफच केले गं."

दुसऱ्या दिवशी शंभर रुपये जसेच्या तसे पुण्याला परत गेले. फोनवर मामा म्हणाले, "उसने म्हणून देत असशील तर दे. न्हाईतर नको." बापाच्या डोक्यावर परिणाम झाला असं वाटून सुरेश त्याच रविवारी धावत आला. मामांनी त्याच्या हातून शंभर रुपये उसने घेतले आणि त्याच्याबरोबर पुण्याला गेले. गाडी हलली तरी रहिमतबी ओरडतच होती, "मेरे चार!" पदर मात्र डोळ्याला लावला होता.

दिवाळीला दोघं आले. मामा घरोघर फिरून पैसे फेडत सुटले. रहिमतबी नाणी हातात घेऊन म्हणाली, "अब गाली किस बात की देऊँ तेरे कू?"

माझ्या दारात आले तेव्हा मी म्हटलं, "आता आमाला आठवण कशी राहायची, मामा?"

"तुमचा भरवसा हाय."

"आणि सुरेशचे शंभर?"

मामांनी मागं वळून पाहिलं. सुरेश कोपऱ्यावर मास्तराशी बोलत उभा होता.

"त्याचे राहू दे अजून," मामा हळूच म्हणाले. मग पाचाची नोट त्यांनी माझ्या हातावर ठेवली, आणि आमचे पैसे पुरे फिटले.