एकोणचाळीस ओव्या

रंगनाथमामा रोज सकाळी पोथीच्या चाळीस ओव्या वाचतात, आणि रोज त्यातली एक गाळतात.

दुसऱ्या कुणाबद्दल मी हे लिहिलं नसतं. पण मामा जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एकतीस वर्षं मापाडी होते. काट्यावर माशी बसली तर ती उठेपर्यंत थांबणारा माणूस. आमच्या दोन्ही घरांची भिंत एक. मी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासतो. शंभर दाणे मोजून पेरायचे, किती उगवले ते लिहायचं. त्यामुळे रविवारी त्यांच्याकडे चहाला बसलो की कान आपोआप मोजायला लागतात.

मामांचं वाचन मोंढ्यासारखंच. गोणपाटाची घडी घालून त्यावर बसायचं, समोर दोन वाट्या. डावीकडच्या वाटीत ज्वारीचे चाळीस दाणे. एक ओवी झाली की एक दाणा उजवीकडे. मध्ये कुणी आलं तरी मान वर होत नाही. एकदा गॅसवाला ओरडून ओरडून थकला, शेवटी सिलिंडर मीच उतरवून घेतलं. वाचन संपलं की स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक, "भरलं का बराबर?"

आतून मामी, "कशाचं बराबर? सापाची ओवी गिळली की तुम्ही! मोंढ्यात बी असंच माप घालत होते का?"

मामी शाळेत गेलेल्या नाहीत, पण ऐकून ऐकून अख्खी पोथी पाठ. मग मामा राहिलेली ओवी निमूट वाचतात आणि उरलेला दाणा उजवीकडे टाकतात.

त्या दाण्यानंच मला छळलं. तो समोर दिसत असताना हा माणूस 'भरलं का' असं विचारतो कसा? एका रविवारी मला राहवलं नाही. म्हणालो, "मामा, एकोणचाळीसच झाल्या. दाणा उरलाय."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर अशी थाप मारली की चहा बशीत सांडला. मग मला फाटकापाशी नेलं.

"तुम्ही नका बोलू, भाऊ. डॉक्टर म्हणले, तिला विसर पडून राह्यला. परवा आमच्याच पोरीचं नाव मला इचारलं. म्हणून रोज एक गाळून बघतो. तिनं धरली, की मंग मला चहा गोड लागतो."

तेव्हापासून दाणा उरला की मी चहात लक्ष घालतो.

गेल्या रविवारी त्यांनी मधलीच एक गाळली. "भरलं का बराबर?"

"भरलं," मामी आतून म्हणाल्या.

मामांनी पोथी मिटली आणि ते डावीकडच्या वाटीकडे बघत राहिले. मीही. एकदा मिटलेली पोथी दुसऱ्या दिवसापर्यंत न उघडणारा हा माणूस. त्यानं ती पुन्हा उघडली, थेट पहिलं पान काढलं आणि दुसऱ्या ओवीपासून मोठ्यानं सुरुवात केली. पहिली तर मलासुद्धा येते.

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"अवं, देवाला नमस्कारच न्हाई केला की! पहिलीच खाल्ली!" मामी पिठाच्या हातानं दारात उभ्या. "एकतीस वर्षं लोकांनी कसं चालवून घेतलं तुम्हाला?"

मामांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला.

"चुकलो, बाई," ते म्हणाले. "तुझं बराबर हाय."

आणि पार गार झालेला चहा त्यांनी एका दमात पिऊन टाकला.