बैठकीतलं कोंबडखत

शेवटच्या साध्या दिवशी बाप-लेकीचं वाजलं ते कोंबडखतावरून.

वडिलांनी त्याची चार पोती आणून थेट बैठकीत, सोफ्यामागे रचली होती. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ओल होती म्हणून. पोत्यांवर जुनी चादर होती आणि चादरीवर हवेतला दमटपणा दाखवणारं एक गोल यंत्र. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या दुकानात घड्याळं दुरुस्त केली होती. काटा असलेली कुठलीही वस्तू त्यांना घरातल्या माणसांपेक्षा भरवशाची वाटे.

मुलगी वकील होती, आणि तिचा सगळ्यात जुना खटला घरातच चालू होता. वडील जे म्हणतील त्याच्या विरुद्ध बाजूनं ती उभी राही.

"बाबा, लोक बैठकीत फुलदाणी ठेवतात."

"फुलदाणीला दमट हवा चालते. ह्याला नाही चालत." मग त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं. ओल लागली की खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. खत एकतर कोरडंठाक ठेवावं, नाहीतर मातीत घालून भरपूर पाणी द्यावं, म्हणजे तो खाली जिरतो. "थोडंसं ओलं, हे सगळ्यात वाईट. नत्रही जातो आणि शेजारीही."

"शेजारी गेले तर मी मान्य करीन, तुमचं बरोबर होतं म्हणून."

वडील हसले. शेजाऱ्यांशी मधल्या भिंतीवरून त्यांचा वाद कित्येक वर्षांचा होता, आणि लेकीच्या तोंडून 'बरोबर' हा शब्द त्यांनी त्याहून जास्त वर्षं ऐकला नव्हता. परसात वाफा खणून तयार होता. उद्या सकाळी खत घालू, म्हणाले.

सकाळी, पुढ्यातला चहा निवायच्या आत, वडील गेले.

मग माणसं भेटायला यायला लागली आणि आत्यानं घराचा ताबा घेतला. भावाच्या फोटोमागे खताची पोती ही कल्पना तिला सोसेना. तिनं ती न्हाणीघराशेजारच्या बोळात हलवायला लावली. या बोळात कपडे वाळत घालत, पण वाळत नसत. आणि बोळाची खिडकी बैठकीत उघडत असे. हलवताना एक पोतं कडीला अडकून उसवलं, धूळ उडाली. धूळ बसावी म्हणून आत्यानं अर्धा मग पाणी शिंपडलं.

तासाभरात वास सुटला. वास मरावा म्हणून आत्यानं अत्तराचे थेंब टाकून आणखी अर्धा मग शिंपडला. वास मेला तर नाहीच, उलट नटूनथटून बैठकीत आला. तेव्हा तिनं पोत्यांवर ओले टॉवेल पसरले. आत्या पाणी फार जपून वापरत असे, त्यामुळे दर वेळी थोडंसंच.

दुःखाच्या घरी वासाबद्दल बोलणं बरं दिसत नाही, म्हणून कुणी बोललं नाही. डोळे मात्र कुणाचं ऐकेनात. ज्या दुकानात वडिलांनी उमेदीची वर्षं घालवली त्याचे मालक तोंडापुरते दोन शब्द बोलून उठणार होते. पाच मिनिटांत त्यांच्या गालांवरून धारा लागल्या. आपण त्या माणसात इतके गुंतलो होतो हे मला आजच कळलं, असं ते हुंदके देत सांगू लागले आणि स्वतःच चकित झाले. त्यांना बघून शेजारी गहिवरले. "भिंत तुमचीच," ते नाक पुसत म्हणाले, "हवी तर हातभर इकडे सरकवा." रडण्याची ही लाट आत्यापर्यंत पोचली आणि परतून पुन्हा मालकांवर आदळली.

मुलगी या सगळ्यापासून दूर, स्वयंपाकघरात चहा करत होती. सकाळपासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. रडू कुठे अडकलंय हे तिचं तिलाच समजत नव्हतं. आत्या लाल डोळ्यांनी आत आली. "बाहेर परकी माणसं धाय मोकलून रडताहेत, आणि तू सख्खी लेक, कोरडी. लोक बघतात गं."

मुलगी ट्रे घेऊन बैठकीत गेली. दारातच तिचे डोळे चुरचुरले, भरून आले. सुटले बाई एकदाची, असं तिला वाटलं. मग तिच्या नाकाला जाग आली.

ती तडक बोळात गेली. ओल्या टॉवेलवर ते गोल यंत्र होतं आणि त्याचा काटा पार टोकाला जाऊन स्वस्थ बसला होता, वाद जिंकलेल्या माणसासारखा.

तिनं बाह्या सारल्या आणि पोतं परसाकडे ओढलं. दुसरं टोक शेजाऱ्यांनी रडत रडत उचललं. चारही पोती वाफ्यात रिकामी झाली, कुदळीनं मातीत मिसळली, आणि तिनं नळी पूर्ण सोडली.

"थोडंसंच मार गं," आत्या मागून म्हणाली.

"थोडंसंच मारून हे झालंय, आत्या."

माती गच्च होईपर्यंत ती पाणी देत राहिली. खत खाली, पाणी त्याच्यामागे, आणि वास त्या दोघांबरोबर. बैठकीत हवा मोकळी झाली तशी माणसं भानावर आली. मालकांनी एकदा गाल चाचपले, एकदा घड्याळ पाहिलं आणि ते निघाले. शेजारी घसा खाकरून म्हणाले, "भिंतीचं मी जरा भरात बोललो."

"बोललात तेव्हा चार साक्षीदार होते, काका."

शेजारी तडकाफडकी गेले.

गेले, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा नळी हातातच होती. वासाचा मागमूस नव्हता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आत्यानं हवा हुंगली. "अजून येतोय का गं?"

मुलीनं मान हलवली आणि वाफ्याकडे बघत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस? मोठ्यानं बोल की."

तिनं नळी खाली ठेवली.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "तुमचं बरोबर होतं."