नागेशअण्णांची बिनआवाजाची गाडी

नागेशअण्णा माझ्या किराणा दुकानात आले की आधी माझी नव्हे, फॅनची चौकशी करतात. कमरेला खोचलेला लांब डिसमिस काढायचा, टोक फॅनच्या मोटारीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "सदा, मागचं बेरिंग चाललं. आठ दिवस." आणि मेला फॅन आठव्या दिवशी खरोखर बंद पडतो.

चाळीस वर्षं रामनगरच्या भात गिरणीत फिटर होते. आता गणेशगुडीत, माझ्या दुकानासमोरच घर आहे. एका लग्नात नवरी निघाली, सगळे डोळे पुसतायत, आणि अण्णा वरातीच्या जीपखाली! बाहेर येऊन म्हणाले, "पोरगी नांदंल. गाडीचं काय सांगता येत न्हाई." नवरीच्या बापाला ऐकू गेलं नाही, हे आमचं नशीब.

त्यांची बायको सुशीलाक्का. साखरेच्या आजारानं दोन वर्षांमागं त्यांची दृष्टी गेली. दुपारी चारला पडवीत बसून विडा खायची त्यांची जुनी सवय. पूर्वी त्या दोघांचाही लावायच्या, आता अण्णा लावतात. पण अण्णांची अवजारांची खोप आवाराच्या या टोकाला, पडवी त्या टोकाला, आणि समोर माझ्या बाकावर रिकामटेकडी पाच माणसं. अण्णा मला म्हणायचे, "म्हातारा बायकोला विडा न्हेऊन देतोय म्हणतील की रे!"

त्यावर अण्णांनी तोड काढली. नदीत राफ्टिंगला आलेल्या कुणा पाहुण्यानं टाकून दिलेली, रिमोटवर चालणारी लाल खेळण्यातली गाडी त्यांनी दुरुस्त केली. टपावर नारळाची करवंटी बांधली, करवंटीत विडा. चार वाजले की गाडी निघे, पडवीपाशी थांबे, रिकामी होऊन परत येई. खोपीतून पडवीची पायरी दिसत नसे, अण्णा अंदाजानंच गाडी थांबवत. अडुसष्टाव्या वर्षी खेळण्याशी खेळताना दिसायची या माणसाला लाज नाही, विड्याची मात्र आहे!

फक्त गाडीच्या चाकांत प्लास्टिकची कडी होती, त्यामुळं ती खर्र खर्र करत जायची. अण्णा दातओठ खात. "ऐकवत न्हाई रे. गिरणीत असं चाक असतं तर मी जेवलो नसतो." शेवटी त्यांनी माझ्या फोनवरून आठ इवली बेरिंगं मागवली, एका चाकाला दोन. माझ्याच गल्ल्यावर फडकं पसरून बसवायला घेतली. मी मदतीला हातोडी दिली, तर त्यांनी असं बघितलं की मी ती मुकाट्यानं आत ठेवून आलो. "हातोडी न्हाई लावायची. अंगठ्यानं बसलं पायजे." एकेक बेरिंग टिचकन बसलं. त्यांनी चाकाला बोट लावलं. ते फिरतच राहिलं, जराही आवाज नाही. अण्णांचा चेहरा असा फुलला की मीही गिऱ्हाईक थांबवून बघत राहिलो.

चार दिवस गाडी गुपचूप गेली, रिकामी परत आली. अण्णा खूश.

पाचव्या दिवशी मी चहापूड द्यायला अक्कांकडे गेलो. त्या हळूच म्हणाल्या, "सदा, ह्यांचा माझ्यावर राग हाय काय रे?"

"का हो अक्का?"

"चार दिस झाले, विडा न्हाई. गाडीच येत न्हाई."

मी काही बोलणार तोच गाडी आली. पायरीपाशी थांबली. पडवीच्या कोपऱ्यात त्यांची शेळी बसली होती, ती सरावल्यासारखी उठली, करवंटीत तोंड घातलं, विडा खाल्ला आणि परत जाऊन बसली. गाडी वळून निघून गेली. अक्का विचारत होत्या, "चार वाजून गेले न्हवं?"

खोपीकडे जाताना शेळीवरून अण्णांची मस्त फिरकी घ्यायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात सांगितलं तेव्हा त्यांनी रिमोट खाली ठेवला, आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली. त्यांनी नवीन पान घेतलं, चुना लावला, सुपारी कातरली आणि तसेच आवारात उतरले. बाकावरची पाचही तोंडं तिकडं वळली.

अक्कांच्या हातात विडा ठेवून ते म्हणाले, "राग न्हाई गे. बेरिंग बदललेलं."

अक्कांनी विडा बोटांनी चाचपला. "मला वाटलं, आता माझं करून करून कंटाळला तुम्ही."

अण्णा पायरीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी चारला मी मुद्दाम बाहेर आलो. गाडी खोपीत फळीवर होती. अण्णा विडा घेऊन आवार ओलांडत होते, आणि जन्मभर ज्याला घासणं सोसलं नाही तो माणूस चपला जमिनीवर फरफर घासत, खरडत चालला होता. ते निम्म्यावर होते, तोच पडवीत अक्कांनी हात पुढे केला.