शेरडांची घंटा

टेकगावच्या जुन्या चर्चची घंटा रोज दिवस मावळताना धुळाप्पा वाजवायचा. प्रार्थनेसाठी न्हाय, शेरडांसाठी. निजामाच्या काळात कुण्या पाद्रीबुवानं त्याच्या आज्याला तशी परवानगी दिलेली. तवापासून घंटा वाजली की बालाघाटाच्या उतारावरची शेरडं आपसूक घरला यायची. उतारावर लांडगे होते, पण शेरडांना घंटा पाठ होती.

मग गाव पर्यटनस्थळ झालं. चर्च, जहागीरदाराचा महाल अन् ‘नैसर्गिक परिसर’ या तिन्हींचं जतन करायला धाराशिवहून रणधीर साहेब आले. आल्या आल्या त्यांनी घंटेला साखळदंड घातला आणि पाटी लावली, ‘वारसा. हात लावू नये.’

“वाजवायची न्हाय तर घंटा कशाला ओ, साहेब?”

“बघायला, बाबा.”

“शेरडांना बघून कळत न्हाय.”

त्या सांजच्याला शेरडं आली न्हाईत. धुळाप्पा अन् त्याची बायको कडूबाई हाका मारून मारून घसा बसवून घेऊन आले. सकाळी उतारावरून शेरडं गोळा केली, तर एक गाभण शेळी कमी भरली.

साहेब मन लावून ऐकणारे होते. त्यांनी घंटेचा आवाज रेकॉर्ड करून महालाच्या गच्चीवर भोंगा बसवला. पर्यटकांना वातावरण, धुळाप्पाला शेरडं. भोंगा वाजला, अन् शेरडं शिस्तीत महालात शिरली. लगोलग धुळाप्पाला नोटीस निघाली, वारशात जनावरं घुसवल्याबद्दल.

तो दावं घेऊन पळत गेला, तर आत ही गर्दी. पोरंपोरी शेरडांसंगं फोटो काढत होती. सज्जात उभा त्याचा बोकड भिंतीवरच्या जहागीरदारापेक्षा रुबाबदार दिसत होता. रणधीर साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते, “होय सर. नैसर्गिक परिसर आपण महालातच उपलब्ध करून दिलाय.”

दुसऱ्या दिवशी शेरडं रीतसर परिसर झाली. परिसर घरी न्यायची तरतूद नव्हती.

“धार तरी काढू द्या,” कडूबाई म्हणाली.

“परिसराची धार काढत नसतात, मावशी.”

“अन् त्यांचे सड तटतटल्यात त्याचं?”

“ते निसर्गावर सोडा.”

आता धुळाप्पा तिकीट काढून आपल्या शेरडांना भेटतो. बोकड वळखतो, त्याचा हात चाटतो. तेवढ्यात शिट्टी वाजते, परिसराला हात लावू नये म्हणून.

महालाला मोबाईलवर लई स्टार पडल्यात. परवा कुणीतरी लिहिलंय, ‘अस्सल गावाकडचा अनुभव. फक्त एक म्हातारा सारखा फोटोत येतो, त्याचं बघा.’ साहेबांनी बघितलं. धुळाप्पाला तिकीट बंद झालं.

तुमी गेला होतात ना मागच्या सुट्टीत? काढा बरं मोबाईलातला फोटो. बोकड जीभ बाहेर काढून हवेत काय चाटतोय, कधी विचार केलाय? तिथं धुळाप्पाचा हात होता. चौकटीत बरा दिसत न्हवता म्हणून तुमीच कापलाय.